स्पीडोमीटर बंद पडलाय, किलोमीटरपण पडत नाहीत. अख्खं मीटर बदलायच्या आधी काय काय तपासू?

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बेसिक मॉडेल, एबीएस नाही, ८६ हजार चाललीय. गेल्या मंगळवारी दापोलीला विद्यापीठातून कलमं आणायला निघालो, धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घातली, दाभोळला उतरलो आणि वरचा चढ चढताना सहज लक्ष गेलं तर स्पीडचा काटा शून्यावर. आधी वाटलं अडकला असेल, डॅशबोर्डवर दोन टपल्या मारल्या, काही नाही. मग बघितलं तर किलोमीटरपण जागचे हलत नाहीत आणि ट्रिपसुद्धा तिथंच. आरपीएमचा काटा, पेट्रोल, टेंपरेचर, इंडिकेटर सगळं व्यवस्थित चालू आहे.

अजून दोन गोष्टी झाल्यात, त्यांचा संबंध आहे का नाही माहीत नाही. एक म्हणजे गाडी सिग्नलला किंवा स्पीडब्रेकरला थांबवायला गेलो की आरपीएम खाली-वर होतो, दोनदा तर बंदच पडली. दुसरं म्हणजे पाच-सात मिनिटं चालवली की स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं.

तालुक्याच्या ठिकाणी एका गॅरेजला दाखवली, त्यांनी किल्ली फिरवून काटा बघितला आणि म्हणाले क्लस्टर (म्हणजे डॅशबोर्डवरचं अख्खं मीटर) गेलंय, पूर्ण बदलावं लागेल, अकरा हजार. बोनेटसुद्धा उघडलं नाही हो. अकरा हजार म्हणजे माझ्यासाठी थोडी रक्कम नाही, आणि बदलूनही चालू नाही झालं तर? आईला दर आठवड्याला चिपळूणला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी उभी करून ठेवता येत नाही. मिरगाच्या आत हे काम व्हायला हवं. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

नारळीपोफळी | सोमवार, रात्री १०.०५

फ्यूज बघितलास का? माझ्या भावाच्या गाडीत मीटर आणि रिव्हर्स लाईट एकाच फ्यूजवर होते, रिव्हर्सचा बल्ब शॉर्ट झाला आणि मीटर गेलं. स्टिअरिंगखाली झाकण असतं त्यात बघ.

मालवणचो | सोमवार, रात्री १०.२०

माझ्या गाडयेक पण असाच झालेला. उंदरान वायर कातरल्यान होती, गिअरबॉक्सच्या बाजूची. गाडी खळ्यात लावतस काय? पावसाच्या तोंडार ते गरम जागा बघून इंजिनात येतत. पयला बोनेट उघडून वायरी बघ, मगे पैशे खर्च कर.

जुनामेस्तरी | सोमवार, रात्री ११.१५

खाडीपलीकडे, तुम्ही लिहिलेल्या त्या दोन गोष्टीच सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. मी ३४ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा बघतो. तुमचं क्लस्टर गेलंय असं मला वाटत नाही, का ते सांगतो.

बेसिक मॉडेलला एबीएस नाही म्हणजे स्पीड मोजायला चाकांवर सेन्सर नाहीत. तुमच्यात गिअरबॉक्सवर एकच सेन्सर बसवलेला असतो, अंगठ्याएवढा, वरून तीन वायरींचं कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग. खाली त्याला प्लॅस्टिकचं छोटं गिअर असतं, गाडी चालली की ते फिरतं आणि सेन्सर विजेचे ठोके पाठवतो. ते ठोके मोजून काटा हलतो, किलोमीटर पडतात, इंजिनच्या कॉम्प्युटरला कळतं की गाडी अजून चालतेय का थांबली, आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगला कळतं की किती मदत करायची. आता तुमच्याकडे हे चारही एकदम बिघडलेत. काटा एकटा गेला असता आणि किलोमीटर पडत असते तर मी म्हटलं असतं की काट्याची मोटर गेली, क्लस्टर खोला. पण चौघांची तक्रार एकच असेल तर चौघांना पाणी देणारी विहीर बघायची, म्हणजे सेन्सर नाहीतर त्याच्या वायरी.

आधी फ्यूज बघा, मग कपलर बघा. क्लस्टर सगळ्यात शेवटी.

देवगडहापूस | मंगळवार, सकाळी ७.३०

मेस्तरींच्या पोस्टला अनुमोदन. जुनी मारुती ८०० अजून माझ्याकडे आहे, तिच्यात हे सेन्सर-बिन्सर काही नाही, गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत सरळ केबल. आत फिरणारी तार, दोन्ही टोकं चौकोनी. ती तुटायच्या आधी आठवडाभर काटा थरथरतो आणि डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो, मग एक दिवस मेला. पण ज्यांच्याकडे केबलवाली गाडी आहे त्यांनी एवढंच करायचं, मीटरमागून केबल सोडवायची, आतली तार ओढायची, अर्धी हातात आली तर तुटली, पूर्ण आली तर खालचं गिअर बघायचं. वंगण लावताना वरची वीतभर तार कोरडीच ठेवायची, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढतं.

मला त्या जुन्या मीटरचं फार अप्रूप वाटतं, एकदा खोलून बघितलंय. केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, दोघं एकमेकांना टेकतसुद्धा नाहीत. चुंबक फिरला की वाटीत वीज खेळते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते, केसाएवढी स्प्रिंग तिला मागे धरते, जिथं दोघांचं जमेल तिथं काटा उभा राहतो. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या त्यावरच चालल्या.

घाटवाट | मंगळवार, सकाळी ९.१०

तोपर्यंत मोबाईलवर जीपीएस स्पीडचं ॲप लाव, काम भागतं. आणि खरं सांगू का, किलोमीटर पडत नाहीयेत तर एवढी घाई कशाला, विकताना फायदाच आहे की.

खाडीपलीकडे | मंगळवार, दुपारी १.४५

घाटवाट दादा, ॲप लावलंय, पण विकायच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. उद्या ही गाडी घेणारा माझ्यासारखाच कुणीतरी असेल, तो ८६ हजार बघून टायमिंगचं, क्लचचं, ऑईलचं गणित करणार आणि फसणार. मी डायरीत रोजचं अंतर लिहून ठेवतोय, मीटर चालू झालं की तेवढे किलोमीटर वेगळे सांगेन. शिवाय माझंच ऑईल कधी बदलायचं ते मला कसं कळणार?

मेस्तरीकाका, खूप खूप आभार. विहिरीचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. फ्यूज सगळे काढून बघितले, शाबूत आहेत. मालवणचो, गाडी खळ्यातच असते, पण वायर कुठं कातरलेली दिसली नाही, लेंड्यासुद्धा नाहीत. संध्याकाळी मित्राकडून ब्लूटूथचं ओबीडी स्कॅनर आणतोय, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायला.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, दुपारी ३.३०

जीपीएसवर घाटात पूर्ण भरवसा ठेवू नका. वळणावर झाडी आणि दरड असली की आकडा दोन-तीन सेकंद मागून येतो आणि कशेडीच्या बोगद्यात तर सिग्नलच जातो. तुमच्याकडे आरपीएमचा काटा चालू आहे ना, मग सरळ रस्त्यावर एकदा जीपीएस लावून तिसऱ्या-चौथ्या गिअरला दोन हजार आरपीएमला किती स्पीड येतो ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. ते चुकत नाही, गिअर तोच तर स्पीड तोच.

आणि हे लांबवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११७ व्या नियमाप्रमाणे गाडीत ड्रायव्हरला दिसेल असा चालू स्पीडोमीटर लागतो, दहा टक्के इकडे-तिकडे चालतं.

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री ९.२०

स्कॅनर लावला. कोड आला पी०५००, म्हणजे व्हेईकल स्पीड सेन्सर. चालू गाडीत लाईव्ह डेटा मित्राने बघितला, मी चाळीसने चालवतोय आणि स्क्रीनवर स्पीड शून्य. म्हणजे काका म्हणाले तसंच, कॉम्प्युटरलापण स्पीड कळत नाहीये. आता सेन्सर मागवू का? ऑनलाईन नऊशेला दिसतोय.

नारळीपोफळी | मंगळवार, रात्री ९.५०

थोडं थांब. काही गाड्यांमध्ये सेन्सरची वायर आधी मीटरला जाते आणि मीटर तो सिग्नल पुढे कॉम्प्युटरला देतं. त्यात मीटर बिघडलं तरी पी०५०० येतो. कोडवरून सेन्सरच गेला असं होत नाही.

जुनामेस्तरी | मंगळवार, रात्री १०.३०

बरोबर बोललात. कोड फक्त सांगतो की स्पीड येत नाही, का येत नाही ते आपल्याला शोधायचं. म्हणून कपलरवरच मोजू. मल्टिमीटर आहे का? नीट लिहितो, घाई करू नका.

गाडी सपाट जागेवर घ्या, हॅन्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि खाली लोखंडी स्टँड द्या. आपल्याकडे जॅकच्या जोडीला चिरा ठेवायची सवय आहे, कृपा करून ठेवू नका. चिरा घराला चांगला, गाडीखाली एका बाजूने भार आला की फुटतो, मी फुटलेला बघितलाय. गाडीखाली शिरायचं काम नाही, सेन्सर वरूनच दिसेल, बॅटरीचा ट्रे काढावा लागेल कदाचित. ट्रे काढलात तर बॅटरी बाजूला ठेवून वायरी परत जोडून घ्या.

सेन्सरचं कपलर काढा. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. तीन पिनांपैकी एकीवर सप्लाय असेल, एक अर्थ (अर्थिंगची, बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी), एक सिग्नल. सप्लाय आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते कळवा. आणि पिना कशा दिसतात तेपण लिहा, त्यांचा रंग लिहा.

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ८.१५

काका, पहाटे साडेपाचला उठून केलं, ऊन चढायच्या आत. शेजाऱ्यांकडून लोखंडी स्टँड आणला, चिरा नाही लावला.

कपलर निघता निघेना. लॉकवर धूळ आणि मीठ बसून दगड झालेलं, स्क्रूड्रायव्हरने हळूहळू कोरून काढलं तेव्हा निघालं. आत बघितलं तर दोन पिना पिवळसर चकचकीत आणि तिसरी हिरवी. हिरवी म्हणजे तांब्याच्या भांड्यावर कळकतं ना, तशी, आणि वर पांढरी साखरेसारखी पूड. बोटाला लागली, जीभ लावायचा मोह आवरला पण मीठच असणार. कपलरचा रबरी रिंग चिरलेला होता, तिथून पाणी गेलं असणार.

टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केलं. मग मोजलं, सप्लाय आणि अर्थमध्ये १२.३ व्होल्ट. म्हणजे वायरी बरोबर आहेत ना? कपलर परत लावून चालवून बघितली, काटा हललाच नाही. मग सेन्सरच गेला, ऑर्डर टाकतो.

जुनामेस्तरी | बुधवार, सकाळी ८.४०

ऑर्डर टाकू नका अजून. इथंच भले भले फसतात, सुरुवातीच्या काळात मीपण फसलो होतो आणि गिऱ्हाईकाचा चांगला सेन्सर बदलून दिला होता, अजून मनाला लागतं ते.

मल्टिमीटर वायरीतून जवळजवळ करंट घेतच नाही. वायर आतून कुजून एक केस शिल्लक राहिला असेल तरी मीटर बारा व्होल्ट दाखवणार. पण सेन्सर लावला, त्याने थोडा करंट मागितला, की तो केस पुरा पडत नाही. नळाला बोट लावलं की पाण्याचा जोर वाटतो, पण बादली भरायला ठेवली की बारीक धार, तसं. म्हणून भार टाकून बघायचं.

पार्किंग लाईटचा ५ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा. तुमच्याकडे सप्लाय १२ चा आहे म्हणून हे चालेल. ज्यांच्या गाडीत त्या पिनवर ५ व्होल्ट येतात त्यांनी बल्ब अजिबात लावू नये, ती लाईन कॉम्प्युटरमधून येते, आणि सिग्नलच्या पिनला तर कुणीच लावू नये. किल्ली ऑन करून एक टोक सप्लायला, दुसरं अर्थ पिनला. पेटतो का बघा. नंतर अर्थचं टोक काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. काय फरक पडतो ते सांगा.

घाटवाट | बुधवार, सकाळी ११.००

माझा प्रश्न वेगळा आहे पण इथंच विचारतो. माझ्या गाडीला एबीएस आहे, मागच्या महिन्यात पुढचं बेअरिंग बदललं आणि तेव्हापासून एबीएसचा दिवा आहे, स्पीडचा काटापण मध्येच पडतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

जुनामेस्तरी | बुधवार, सकाळी ११.३०

असेल. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरच्या दिशेला यावी लागते. बेअरिंग उलटं ठोकलं तर चाक मस्त फिरतं, आवाज नाही, पण सेन्सरला काही दिसत नाही. ज्यांनी बसवलं त्यांच्याकडेच जा आणि शांतपणे विचारा कुठली बाजू आत घातली.

मालवणचो | बुधवार, दुपारी १२.४५

मेस्तरीनू, तुमी लिवतास ता सगळा जपून ठेवतंय. आमच्याकडे खारो वारो चोवीस तास, वायरी सगळ्यांच्याच अशा होतत.

खाडीपलीकडे | बुधवार, रात्री ८.५०

काका!!! सापडलं!!!

बल्ब सप्लाय आणि अर्थ पिनला लावला, पेटला नाही, आतली तार नुसती लालसर. तेच टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, लख्ख पेटला. म्हणजे सप्लाय चांगला, अर्थ गेलेला, आणि मल्टिमीटर त्याच अर्थवर मला बारा व्होल्ट दाखवत होता. मी हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

मग ती काळी वायर धरून मागे मागे गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला बोल्ट आहे, तिथं तीन-चार अर्थ एकत्र येतात. दहाच्या पान्याने बोल्ट फिरवला तर वायरीचं गोल टोक हातातच आलं, आतलं तांबं काळं पडून भुगा झालेला, प्लॅस्टिकच्या आवरणावर जेमतेम टिकून होतं. वायर तीन इंच मागे सोलली तेव्हा चकचकीत तांबं लागलं. तिथं नवीन लग, म्हणजे तसंच गोल टोक, दाबून, डाख देऊन, वर ती आकसणारी नळी घातली. बॉडीची जागा पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढलं, बोल्ट आवळला.

जॅकवर असतानाच सिग्नलची वायर मागून टोचून मल्टिमीटर लावला आणि धाकट्या भावाला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. शून्य, पाच, शून्य, पाच. तो फिरवतोय आणि मी आकडे मोठ्याने वाचतोय, आई बाहेर आली काय झालं म्हणून. चालवली तर काटा सरसर वर. स्टिअरिंगचा दिवा गेला, स्पीडब्रेकरला गाडी बंद पडली नाही. कोड पुसला, परत आला नाही. खर्च लग, नळी आणि क्लीनर मिळून अडीचशेच्या आत. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, रात्री ९.१५

वा! वाचून फार आनंद झाला. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. धुऊन सुकवून चालू झाली, आणि मग सहा-आठ महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पडायला लागली, आधी मीटर मग सेंट्रल लॉक. कार्पेटखालच्या कपलरांमध्ये गाळ तसाच होता. तेव्हा कुणी असं समजावून सांगितलं असतं तर दोन वर्षं वणवण झाली नसती.

नारळीपोफळी | बुधवार, रात्री ९.४०

पण पाणी तिथपर्यंत गेलं कसं? बॅटरीच्या ट्रेखाली म्हणजे चांगलं वर आहे की.

खाडीपलीकडे | बुधवार, रात्री १०.१०

तेच दिवसभर आठवत होतो. फेरीबोटीला भरती असली की जेट्टीच्या उतारावर चार बोटं खारं पाणी असतं, गाडी चढवताना-उतरवताना आपण जरा जोर देतो आणि चाकाने उडालेलं पाणी थेट आत जातं. मी आठवड्यातून दोनदा हे करतो, गेली सहा वर्षं. आणि दिवाळीत पाहुणे आले की गुहागरच्या पुळणीवर गाडी नेलीय, तेही दोनदा, आता नेणार नाही. घरी आलो की वरून धुतो, काचा पुसतो, खालून कधीच नाही.

जुनामेस्तरी | बुधवार, रात्री १०.३५

मग आता एवढं करा. फेरीबोटीवरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि खालून धुवा, प्रेशर थेट कपलरवर मारू नका. त्या बोल्टावर आणि लगवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. कपलरच्या रबराला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, तो चिरलेला रिंग बदला. काही जण खोबरेल तेल लावतात, ते नको, धूळ धरतं आणि उंदरांना आमंत्रण. आणि त्या बोल्टावरच्या बाकीच्या दोन-तीन वायरी तुम्ही सोलून बघितल्यात का? एक कुजली तर शेजारणींचंही वय तेवढंच आहे.

उपकार वगैरे काही नाही. चालू झाल्यावर एकदा खात्री करा म्हणजे झालं. सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत काटा साठवर धरायचा आणि घड्याळ लावायचं, साठ सेकंदांच्या आसपास यायला हवं. घड्याळ भावाच्या हातात द्या, तुम्ही रस्त्यावर लक्ष ठेवा.

खाडीपलीकडे | शनिवार, सायंकाळी ६.२०

बाकीच्या वायरी सोलल्या काका, दोन बऱ्या निघाल्या, तिसरी हेडलाईटची होती आणि तीपण आतून काळी. तिलाही नवा लग लावला, उजवा हेडलाईट मंद वाटायचा तो आता डाव्याएवढा पडतो.

आज आईला चिपळूणला नेलं. गुहागर-विजापूर रस्त्यावर सरळ पट्टा लागला तिथं काटा साठवर धरला, भाऊ मागे मोबाईलचं घड्याळ घेऊन बसलेला. दगड ते दगड ६२ सेकंद. परत येताना पुन्हा बघितलं, ६२च.

जुनामेस्तरी | शनिवार, सायंकाळी ७.००

बासष्ट म्हणजे खरा स्पीड अठ्ठावन्न. मीटर थोडं जास्तच दाखवतं, कंपनीतून तसंच येतं. काम झालं.